तव्यावरचं सिसिग आणि कलेजीचा वाटा

बचत गटाची सभा म्हटली की हप्ते, व्याज आणि सह्या. पण आमच्या रसायनीच्या गटात गेल्या सभेला गप्पा रंगल्या त्या कोंबडीवर. गटातल्या एका ताईंचा भाऊ मालवाहू जहाजावर असतो. जहाजांवर फिलिपिन्सची माणसं पुष्कळ. त्यांच्याकडून तो सिसिग नावाचा पदार्थ शिकून आला.

शब्द जुना आहे. १७३२ साली तिथल्या कपंपांगन भाषेचा कोश झाला, त्यात सिसिग म्हणजे कच्ची पपई किंवा कच्चा पेरू, मीठ, मिरी, लसूण आणि व्हिनेगर लावलेला. गरोदर बायकांना ते आवडायचं म्हणे. म्हणजे आपले डोहाळेच की! पुढे आंजेलेस शहरात लुसिया कुनानन या बाईंनी डुकराच्या मुंडक्याचं मांस भाजून, बारीक चिरून विकायला सुरुवात केली आणि १९७० च्या दशकात ते गाजलं. तिकडे हा चखण्याचा पदार्थ आहे, पण ही गोष्ट आमच्या घरच्या पुरुषांना सांगू नका.

आम्ही केलं ते कोंबडीचं. अर्धा किलो मांडीचं बिनहाडाचं मांस आणि शंभर ग्रॅम कलेजी. मीठ, मिरी, ठेचलेला लसूण, चमचाभर व्हिनेगर लावून अर्धा तास झाकून ठेवायचं. मग तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगलं भाजायचं. सगळ्यात जाड तुकडा कापून पाहा, आत गुलाबी दिसता कामा नये. कलेजीही आतपर्यंत शिजली पाहिजे. भाजलेलं मांस धुतलेल्या दुसऱ्या पाटावर अगदी बारीक चिरा, कच्च्याच्या पाटावर नको. कलेजी कुस्करा. दोन कांदे, तीन-चार हिरव्या मिरच्या बारीक चिरून त्यात घाला, चमचाभर सोया सॉस, वरून एका लिंबाचा रस. तिकडे कलमांसी नावाचं छोटं लिंबू वापरतात, आपलं कागदी लिंबू चालतं. शेवटी बिडाचा तवा कडकडीत तापवून थोडं लोणी टाकायचं आणि हे सगळं त्यावर पसरायचं. चर्रर्र आवाज आला की लगेच वाढायचं, कारण आंबट पदार्थ लोखंडावर फार वेळ ठेवू नये. आणि तापल्या तव्यावर गार पाणी मारू नका. आम्ही घाईत मारलं आणि एका ताईंच्या सासूबाईंचा तवा तडकला. नवा घेऊन द्यावा लागला, तोही गटाच्या वर्गणीतून नाही, आमच्या खिशातून.

आता कलेजीबद्दल. सभेत आम्ही सहज विचारलं, घरी कोंबडी आणली की कलेजी कुणाच्या ताटात जाते? सगळ्या हसल्या. नवरा, मुलगा, पाहुणा. बाईच्या वाट्याला मान, पंख आणि रस्सा. आणि रक्त कमी निघालं म्हणून गोळ्या घेणाऱ्या आम्हीच. कलेजीत लोह भरपूर असतं. फक्त गरोदर बाईने ती किती खावी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण तीत अ जीवनसत्त्वही फार असतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह कमी अंगी लागतं.

सिसिगमध्ये कलेजी कुस्करलेली असते, ती वेचून कुणाला देता येत नाही. त्या दिवशी तवा मध्ये ठेवला, सोबत तांदळाच्या भाकऱ्या. एक ताई दोन घास खाऊन म्हणाल्या, "लग्नाला बारा वर्षं झाली, कलेजीची चव आज कळली." पुढच्या सभेला कांदे त्याच आणणार आहेत.