आधी माणूस घडतो, मग पोलाद
(भिलाई येथे कामगारांपुढे केलेले भाषण)



ज्या रुळांवरून आपल्या गाड्या धावतात आणि टपालाच्या थैल्या गावोगाव पोचतात, ते रूळ मुख्यतः याच भिलाईत तयार होतात. १३० मीटर लांबीचे रूळ जोडून २६० मीटरची सलग पट्टी इथून रवाना होते. हे कसब आकाशातून पडलेले नाही.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा हा दुर्ग जिल्ह्यातला भातशेतीचा मुलूख होता. यंत्रे जहाजाने आली. पण ती चालवणारे हात? त्यासाठी शेकडो भारतीय अभियंते आणि कारागीर तिकडे शिकायला पाठवले गेले. इथेही सोव्हिएत कारागिरांच्या खांद्याला खांदा लावून आपली माणसे भट्टीपुढे उभी राहिली आणि शिकली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर शाळा आणि इस्पितळही आले. वर्षाला १० लाख टनांची क्षमता पुढे ४० लाख टनांवर गेली.

हिशेबाच्या वहीत यंत्र भांडवल म्हणून लिहितात आणि प्रशिक्षण खर्च म्हणून. आम्ही म्हणतो, हा हिशेबच उलटा आहे. यंत्र दरवर्षी झिजते. कामगाराचे कसब वापराने वाढते आणि तो ते दुसऱ्याला देऊन जातो.

मात्र या भांडवलाची वाटणी सारखी झाली नाही. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत हजारो ठेकेदारी मजूर घाम गाळत होते. वसाहतीतल्या सोयी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली, शाळा काढल्या आणि १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून व श्रमदानातून शहीद रुग्णालय उभारले. तिथे खाणकामगारांच्याच घरची माणसे आरोग्यसेवक म्हणून तयार झाली. संधी मिळाली की मजूर काय शिकू शकतो, याचा याहून मोठा दाखला कोणता?

रेल्वेत वाफेचे इंजिन जाऊन वीज आली, टपाल कचेरीत खातेवहीच्या जागी संगणक आला. कायम कामगाराला थोडेफार शिकवले जाते. पण रुळांवर राबणाऱ्या कंत्राटी मजुराचे आणि ग्रामीण डाक सेवकाचे काय? न शिकवता धोक्याच्या कामावर उभे केले, तर त्याची किंमत माणूस जिवाने मोजतो.

दोष आपलाही आहे. पगार आणि बोनस यांसाठी आपण संप केले. प्रशिक्षण मात्र मागणीपत्राच्या शेवटच्या ओळीत राहिले. ते आता वर आणू या. कायम असो वा कंत्राटी, प्रत्येकाला कामाच्या वेळेत, भरपगारी, स्वतःच्या भाषेत प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र मिळालेच पाहिजे. देशाची प्रगती यातूनच होईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!