बाकीच्या कुठायत?



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या होत्या. पाच मिनिटांत संपव आणि कॉम्प्युटरवर बोलू नकोस. दुसरी अट मी नक्की पाळते.

यंदा जानेवारीत आपल्या तुकडीतल्या आम्ही चौघी उत्तराखंडात सांकरी नावाच्या गावी गेलो होतो. डेहराडूनपासून सुमारे दोनशे किलोमीटर. मसुरी, पुरोला, मोरी करत दिवसभराचा घाटरस्ता. केदारकंठा शिखराच्या ट्रेकला तिथूनच सुरुवात होते आणि हल्ली पुण्याहून पुष्कळ मंडळी जातात. शिखर सुमारे ३,८०० मीटर. ते आमच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून वाटेतल्या ‘जुडा का तालाब’ या तळ्यापर्यंत जायचं आणि संध्याकाळच्या आत गावात परतायचं, एवढंच ठरवलं. एवढंच म्हणते खरी, पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि सांकरी हे गावच त्याहून उंचावर आहे!

पुण्यात पारा दहाच्या खाली गेला की आपण कानटोप्या शोधतो. तिथे सकाळी बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. आमच्या गाइडने, गावातल्याच एका तरुणाने, आधी आमचे कपडे तपासले. सुती बनियन काढायला लावले, कारण सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. बुटांना लोखंडी काटे बांधून दिले. पुढच्याने उमटवलेल्या पावलातच पाऊल टाका, आणि एकमेकींना नजरेआड होऊ देऊ नका, असं बजावलं.

वाट देवदार आणि ओकच्या जंगलातून चढत जाते. फांद्यांवर बर्फ, खाली बर्फ, आणि मधूनच एखादी फांदी हलकी होऊन वर उसळायची. मला इतका आनंद झाला होता की मी पुढे निघाले. तुम्हाला माझी चाल माहीत आहे. वाटेवर आदल्या दिवशीच्या लोकांची पावलं होती, चुकण्यासारखं काही नव्हतं. एका वळणावर फोटो काढायला थांबले, मागे वळले, तर कोणीच नाही.

हाका मारल्या. सिंहगडाच्या वाटेवर हाक मारली की समोरच्या डोंगरावरून ती परत येते. इथे माझा आवाज दहा झाडांच्या पलीकडे गेला नसावा. ताजा, भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्या दिवशी ते कळलं. तेवढ्यात बारीक बर्फ पडायला लागला आणि माझ्याच पावलांच्या कडा बुजायला लागल्या. मी उलटी फिरले.

पंधरा मिनिटं खाली आल्यावर त्या तिघी आणि गाइड दिसले. माझी बाकावरची मैत्रीण, जी आत्ता तिसऱ्या रांगेत बसून हसते आहे, एका आडव्या पडलेल्या झाडावर बसली होती. काट्यांचा पट्टा निसटून तिचा पाय मुरगळला होता, हातमोजे भिजले होते. तिने मला तीनदा हाक मारली होती म्हणे. मी म्हटलं, “मला ऐकूच आलं नाही गं.” ती शांतपणे म्हणाली, “सिंहगडावर पण नव्हतं आलं.”

आठवतंय का तुम्हाला? नववीतली सहल. पहाटे आतकरवाडीतून चढायला सुरुवात केली होती. मी आणि ही बरोबर निघालो, तिला वाटेत धाप लागली, आणि मी थांबले नाही. पुणे दरवाज्यात मी सगळ्या मुलांच्याही आधी पोहोचले. आपले पीटीचे सर नेहमीसारखे सर्वांत शेवटी, हिची पिशवी खांद्यावर घेऊन आले. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. सर एवढंच म्हणाले, “पहिली आलीस, छान. बाकीच्या कुठायत?” मला फार राग आला होता सर. पिठलं-भाकरी गोड लागली नाही. घरी जाऊन आईला सांगितलं, की सरांना माझं कौतुकच नाही.

नंतर इंजिनिअरिंग झालं, नोकरी झाली, टीम मिळाली. मी सगळीकडे आधी पोहोचले. दोन चांगली मुलं माझी टीम सोडून गेली, तेव्हाही मी म्हटलं होतं, मला काही बोलले नाहीत. बोलले असतील. मी फार पुढे होते.

गाइडने घड्याळ पाहिलं. जानेवारीत तिथे सहाच्या आत सूर्य मावळतो आणि झाडीत अंधार त्याच्याही आधी होतो. तळं साधारण अर्ध्या तासावर होतं. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी बसते. पण थंडीत भिजलेल्या माणसाने बसून राहणं बरं नव्हे. आम्ही परत फिरलो. माझे कोरडे हातमोजे तिला दिले. गाइड तिचा हात धरून पुढे, बाकीच्या दोघी मध्ये, आणि मी सर्वांत शेवटी. टाच रोवत, तिच्या पावलात पाऊल टाकत उतरलो. शेवटी चालणाऱ्याला सगळ्या दिसतात, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. दिवे लागायच्या वेळी गावात पोहोचलो. ते तळं मी अजून पाहिलेलं नाही.

तर माझा एक प्रस्ताव आहे. येत्या डिसेंबरात एका रविवारी आपण सगळ्यांनी सिंहगडावर जायचं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पुढे चालायचं, त्यांच्या चालीने बाकीच्यांनी. ज्यांना चढणं जमणार नाही ते सरांबरोबर गाडीने वर येतील.

सर, तुम्ही दरवाज्यापाशी थांबा. या वेळी शेवटी मी येईन, आणि तुम्ही विचारलंत तर सांगेन, “सगळ्या आल्या, सर.”