हळदीकुंकवाचे आमंत्रण



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण एक गोष्ट मनाला सलते. पूर्वी काही समाजांत विधवेचे केशवपन करून तिला तांबडे आलवण नेसवीत. ते गेले, पण तिने रंगीत साडी नेसली, टिकली लावली, की आजही कुजबूज होते. आणि कुजबुजणाऱ्या बहुधा बायकाच!

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. ठरावाने चाल मोडेल, जिभेला आवर मात्र आपणच घालायचा.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही मानाने बोलवावे. काय नेसावे, कुंकू लावावे की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावे.

चूकभूल क्षमा असावी.