उंचीचा कोरा रकाना

 

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनो, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एखाद्या मुलाचा केसपेपर उघडून पाहा. क्रिएटिनिनचे आकडे ओळीनं मांडलेले असतात, रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसची पातळी असते. उंचीचा रकाना मात्र पुष्कळदा कोरा असतो, आणि औषधांच्या यादीत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडपुढे 'चालू' एवढंच लिहिलेलं असतं. ते का चालू आहे, हे कुठेच नसतं. या सवयीचं मूळ इतिहासात आहे. 1954 साली बॉस्टनमध्ये मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून रिजेक्शनचा, म्हणजे शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारण्याचा, प्रश्नच आला नाही. इतरांचं मूत्रपिंड टिकेना. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी अझाथायोप्रिनला प्रेडनिसोन या स्टेरॉइडची जोड दिली आणि मूत्रपिंडं टिकू लागली. त्या काळात स्टेरॉइडच्या दुष्परिणामांची किंमत मोजणं रास्तच होतं. पुढे सायक्लोस्पोरिन आलं, नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आलं, मुख्य भार त्यांनी उचलला, तरी स्टेरॉइड जागचं हललं नाही. नवं औषध यादीत घालायला आपला व्यवसाय तत्पर असतो, जुनं काढायला कोणी धजत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. शिवाय मोठ्यांच्या डोसचं कोष्टक वजनानुसार कमी करून मुलांना लावायची आपली सवय. मोठ्या माणसाची वाढ पूर्ण झालेली असते. मुलाच्या हाडांच्या टोकाशी असलेली कूर्चा अजून वाढत असते, आणि स्टेरॉइड नेमकं तिलाच मंद करतं. आधीच मूत्रपिंडाच्या आजारानं खुंटलेलं मूल आणखी मागे पडतं, आणि वयात आल्यावर ती कूर्चा एकदा मिटली की गेलेली उंची कोणत्याही औषधानं परत येत नाही.

मग मुलांचं स्टेरॉइड थांबवावं म्हटलं, तर रिजेक्शन होईल, हा पहिला आक्षेप. युरोपातल्या ट्विस्ट अभ्यासात 196 मुलांपैकी एका गटाचं स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच थांबवलं. सहा महिन्यांत रिजेक्शन 10.2 टक्के, चालू ठेवलेल्यांत 7.1 टक्के, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, आणि वयात न आलेल्या मुलांची उंची अधिक वाढली. अमेरिकेतल्या 130 मुलांच्या तीन वर्षांच्या चाचणीत एकूण उंचीत फरक दिसला नाही, पण पाच वर्षांखालच्या मुलांत दिसला. म्हणजे लाभ सर्वांना सारखा नाही. जितकं लहान मूल, तितका तो मोठा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका चाचणीत 274 पैकी 19 मुलांना लसिका पेशींचा घातक विकार झाला आणि चाचणी थांबवावी लागली. पण तिथे स्टेरॉइड काढण्याआधी बाकीच्या औषधांचा मारा फार वाढवला होता. त्यातून घ्यायचा धडा असा की एक औषध काढण्याच्या भरात उरलेल्यांचं ओझं मुलावर लादू नये. टॅक्रोलिमसची पातळी नियमित तपासणं परवडत नसेल किंवा आधी रिजेक्शन झालेलं असेल, तर स्टेरॉइड सोडण्याची घाई करू नका. दिवसाआड देऊनही वाढ सुधारते, हे पॅरिसच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये दाखवलं आहे. आणि कमी करायचं ते पायरीपायरीनं, कारण अनेक महिने गोळी घेतलेल्या शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. अचानक थांबवलेली गोळी जिवावर बेतू शकते.

'गोळी चालू ठेवणंच सुरक्षित', हे मात्र मला मान्य नाही. चौदा वर्षांची मुलगी आरशात स्टेरॉइडनं सुजलेला, गोल झालेला चेहरा पाहते आणि कोणाला न सांगता गोळ्या टाकून देते, तेव्हा ती फक्त प्रेडनिसोलोन टाकत नाही, सगळीच टाकते. चांगलं चाललेलं मूत्रपिंड असंही जातं. म्हणून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. भिंतीला नीट बसवलेली उंची मोजायची पट्टी ओपीडीत असू द्या. दर भेटीत मुलाला चप्पल काढून तिच्यापाशी उभं करा, आकडा लिहा, वाढीच्या आलेखावर ठिपका द्या, आणि प्रेडनिसोलोनपुढे 'चालू' लिहिण्याआधी त्याचं कारण लिहा. कारण सुचलं नाही, तर त्याच दिवशी वरिष्ठांना विचारा.