परदेशात जेवायचं कुठं?
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)

आपल्या सोसायटीतली बरीच लेकरं आता परदेशात आहेत. त्यांच्याकडं जायचं म्हटलं की पहिली काळजी जेवणाची.

एवढं लक्षात ठेवा. तिकडं ‘व्हेजिटेरियन’ पदार्थात अंडं असू शकतं. ‘व्हीगन’ म्हणजे अंडं नाही. पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला.

झुरिचचं ‘हिल्टल’ १८९८ पासूनचं शाकाहारी हॉटेल. तिथं बुफेचं ताट वजनावर. भारतीय पदार्थही असतात. व्हीगन कोणते, तेवढं विचारून घ्यायचं.

बिचकू नका. आपली ज्वारीची भाकरी, ठेचा, तेलातलं पिठलं तरी दुसरं काय आहे? लेकरांनी बोलावलं तर जेवणापायी नातवंडांची भेट टाळू नका.