मोडलंच आहे, तर खाऊन घेऊ!

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मला 'आरोग्य' या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षे बँकेत आकडे जुळवले, एवढाच माझा अधिकार. पण वजन घटवण्याच्या परीक्षेत मी इतक्या वेळा नापास झालो आहे, की त्यावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

निवृत्त झालो तेव्हा वजन ७० किलो होते. आठ वर्षांनी ८६. गुडघे बोलू लागले, साखर सीमारेषेवर आली, डॉक्टरांनी तंबी दिली. त्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद आपल्या कट्ट्यावर रंगला होता, आठवतंय ना? डॉ. दीक्षित म्हणायचे दिवसातून दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकर म्हणायच्या थोड्या थोड्या वेळाने खा. मी आधी एक केलं, मग दुसरं. दोन्ही वेळा महिन्यात तीन-चार किलो उतरले आणि दोन्ही वेळा व्याजासकट परत आले. यात दोष त्या दोघांचा नाही. माझी गाडी भलतीकडेच अडत होती.

पहिल्यांदा अडली ती भाच्याच्या मुंजीत. वाटीभर श्रीखंड खाल्लं. बरं, खाल्लं तर खाल्लं! पण मनाने लगेच निकाल दिला, 'आज मोडलंच आहे, तर खाऊन घेऊ. सोमवारपासून परत सुरू.' मग आणखी दोन वाट्या, संध्याकाळी भजी, रात्री उरलेल्या पुऱ्या. असे किती सोमवार आले आणि गेले! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

पुढे एका पुस्तकात अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, १९७५ सालच्या. कॉलेजच्या मुलींपैकी काहींना आधी मिल्कशेक पाजलं, काहींना नाही. नंतर सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि चव सांगा, हवं तेवढं खा, असं सांगितलं. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलेलं होतं. पण ज्या नेहमी मोजूनमापून खायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्तच खाल्लं! पोट भरलेलं असून. वाचताना मला माझं श्रीखंडच दिसलं.

आणखी एक सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वखुशीने आलेले होते. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शोधायचं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं. आणि मन? ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, जेवणाचीच स्वप्नं बघायला लागले. धट्टीकट्टी माणसं ती. तेव्हा कडक उपासाच्या पाचव्या दिवशी तुम्हाला सारखा बटाटेवडा दिसत असेल, तर स्वतःला कमकुवत मनाचे समजू नका.

आता माझी खरी गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरात सगळ्यांचं माझ्या ताटाकडे लक्ष, म्हणून मी स्कूटरच्या डिकीत भडंग आणि बाकरवडी ठेवायला लागलो होतो. पार्किंगमध्ये उभा राहून खायचो. वॉचमनला वाटायचं काका रोज गाडी पुसतात. एक दिवस हिला पीयूसीचा कागद हवा होता. डिकी उघडली, कागदाच्या आधी पुडा हाती आला. ही रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, घरात डबा आहे की. डिकीत कशाला?" रागावली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस मला तिच्याकडे नीट बघवेना.

बँकेत कॅशमध्ये तफावत आली तर ती त्याच दिवशी लिहायची, असा नियम असतो. शंभर रुपये कमी आले, लिहिले, भरले, विषय संपला. बुडायचा तो लपवणारा. आज शंभर झाकायला उद्या खोटी एन्ट्री, परवा आणखी एक. हे मी कितीतरी नव्या पोरांना शिकवलं, आणि स्वतः डिकीत हेच करत होतो.

मग वही घातली. कॅलरी वगैरे नाही. किती वाजता काय खाल्लं, आणि तेव्हा भूक होती का, हो किंवा नाही, बस्स. श्रीखंड खाल्लं तर श्रीखंड लिहायचं आणि पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं. सोमवारची वाट बघायची नाही. तीन आठवड्यांनी पानं चाळली तर 'नाही' जवळजवळ सगळे संध्याकाळी सहा ते सातमधले. ती बँकेत दिवसाचा हिशोब जुळवायची वेळ. अख्खी शाखा माझ्या सहीसाठी थांबलेली असायची. आता त्या वेळी कुणीच थांबलेलं नसतं. मी ती तासभराची पोकळी भडंगाने भरत होतो. तेव्हापासून सहाला खाली बागेत फेऱ्या मारतो. चार जण बरोबर असतात, तुम्हाला माहीत आहेतच.

अर्थात सगळंच मनावर ढकलू नका. थायरॉइड असतं, काही औषधांनी वजन वाढतं. आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि एक कबुली. आपल्या सोसायटीतल्या एका मुलाला मी लहानपणी 'भोपळ्या' म्हणून हाक मारायचो, प्रेमानेच. तो मला बघून लिफ्ट सोडून जिन्याने जायचा. मला वाटायचं, वा, व्यायाम करतोय. आता तो परगावी असतो. मागच्या गणपतीत भेटला, तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो हसला, पण "नाही हो काका, तसं काही नव्हतं," असं काही म्हणाला नाही.

माझं वजन आज ७९ आहे. वर्षभर तिथेच अडकलंय. ७० होईल असं वाटत नाही. वही चालू आहे.

खाली गरम वडे तयार आहेत असं कळतंय, तेव्हा थांबतो. एक वडा माझ्यासाठी ठेवा. हिच्या शेजारी बसून खाणार आहे.