साथीचा आकडा कोणाच्या मालकीचा?

(मूर्तिजापूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अकोला व अकोट यांच्याबरोबर मूर्तिजापूर शहरही प्रतिबंधित क्षेत्र ठरले. अमरावती-अचलपुरात टाळेबंदी लागली. बाजार थांबला आणि हातावर पोट असणाऱ्यांची चूल विझली. करोनाची दुसरी लाट वऱ्हाडातून चढत होती. पण विषाणू बदलला आहे काय, या प्रश्नावर सरकारचे निवेदन आले ते २४ मार्चला. महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन बदल असलेल्या विषाणूंचे प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढले असल्याचे त्यात म्हटले होते. एप्रिलच्या शेवटी तर देशातील शेकडो शास्त्रज्ञांना चाचण्यांची तपशीलवार माहिती अभ्यासासाठी खुली करा, अशी विनंती खुद्द पंतप्रधानांना करावी लागली. त्याच काळात दररोजचे जिल्हावार आकडे जुळवून लोकांपुढे मांडत होते ते मुख्यतः स्वयंसेवक तरुण!

यंत्रणा नव्हती असे नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ पासून चालू आहे. उपकेंद्रातील परिचारिकेने संशयित रुग्णांचा, डॉक्टरांनी संभाव्य रुग्णांचा आणि प्रयोगशाळेने सिद्ध झालेल्या रुग्णांचा तक्ता दर आठवड्याला भरावयाचा, अशी त्याची रीत. एप्रिल २०२१ मध्ये त्याची जागा घेणारा नवा संगणकीय मंच आला. पूर्वीच्या १८ ऐवजी ३३ रोग त्यात घेतले गेले आणि नोंद रोजच्या रोज, नकाशावरील ठिकाणासह होऊ लागली. ही प्रगतीच आहे, तिचे स्वागत केले पाहिजे. एका गावात चार दिवसांत हगवणीचे दहा रुग्ण आढळले, तर यंत्र ते तत्काळ दाखवू शकते. कागदी तक्ता जिल्ह्याला पोहोचेपर्यंत विहीर तशीच वापरात राही.

परंतु यंत्र ज्या नोंदींवर चालते त्या गोळा कोण करते? साथीच्या काळात दारोदार फिरणाऱ्या आशा सेविकांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यव्यापी संप करावा लागला. आज त्यांना कर्मचारी म्हणावयास शासन तयार नाही, मात्र त्यांच्या नोंदींवाचून त्याचे एक पानही हलत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माहिती वर जाते, खाली येत नाही. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे उघड्या विहिरीच्या पाण्याने कॉलरा पसरला व माणसे दगावली. अशा गावाला संगणकावरील लाल ठिपक्याचा उपयोग काय, जर तो ठिपका सरपंचाला दिसतच नसेल? १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला अधिकार भरपूर दिले, पण लोकांना कळविण्याचे कर्तव्य त्याच्यावर लादले नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम मात्र मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावयास सांगते. त्याचा आधार कार्यकर्त्यांनी घेतला पाहिजे.

लोक घाबरतील, असा आक्षेप येतो. लोक घाबरतात ते अफवेने. खरी अडचण निराळी आहे: दोनशे उंबऱ्यांच्या गावात नुसता आकडाही रुग्णाचे घर दाखवितो, आणि क्षयरोग्याच्या वाट्याला बहिष्कार येतो. म्हणून क्षयासारख्या रोगांचे आकडे तालुक्याचे एकत्र द्यावेत. पाण्याच्या व डासांच्या रोगांचे गावनिहाय. नाव कोणाचेच नको.

मूर्तिजापूर तालुक्यापुरती मागणी एवढीच आहे: दर आठवड्याचा आकडा व पाणीतपासणीचा निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिला जावा. पहिले निवेदन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावयाचे आहे. त्यावर आशा सेविकांच्या सह्या आधी घ्याव्यात.